ऑटो-इंडेंट केलं आणि कमेंट्स विस्कटल्या : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की प्रोजेक्टमध्ये इंडेंटसाठी (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) टॅब की स्पेस, दोन की चार यावर भांडत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्या कोडवर फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारा प्रोग्राम) चालवून टाका. ते वाचून बऱ्याच जणांनी खरंच चालवला आणि मग जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी कमेंट्सबद्दल, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या टिपांबद्दल आहेत. हा मुद्दा मी तेव्हाच लिहायला हवा होता, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा एम्बेडेड सी चा जुना कोड आहे, बराचसा कोड लिहिणारी माणसं आता कंपनीत नाहीत. दोन स्पेसचं इंडेंट चार करायचं ठरलं म्हणून क्लँग-फॉरमॅट हे फॉरमॅटिंगचं टूल सगळ्या रेपोवर (प्रोजेक्टच्या पूर्ण कोडसाठ्यावर) चालवलं. कोड छान दिसतोय, पण कमेंटमध्ये पॅकेटचे जे तक्ते होते त्यांचा पार चिवडा झालाय. हाताने परत लावायचे म्हटलं तर कुठला कॉलम कुठे होता तेच कळत नाहीये. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : सगळ्यात आधी एक करा, हाताने लावणं थांबवा. जुना कमिट (कोडची साठवलेली आधीची आवृत्ती) गिटमध्ये आहे ना, मग त्यातला तक्ता शाबूत आहे, अंदाजाने परत जुळवायला गेलात तर एखादा कॉलम चुकीच्या जागी बसेल आणि पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून कोड लिहील, ते विस्कटलेल्या तक्त्यापेक्षा वाईट.

आता झालं काय ते बघा. फॉरमॅटरला सी चं व्याकरण कळतं, कुठला कंस कुठे बंद होतो ते कळतं, पण कमेंटच्या आत काय आहे ते त्याला कळत नाही, त्याच्या दृष्टीने ती नुसती शब्दांची ओळ. क्लँग-फॉरमॅटच्या एलएलव्हीएम स्टाइलमध्ये ओळीची मर्यादा ८० कॉलम आहे आणि रीफ्लो-कमेंट्स (लांब कमेंट तोडून ओळी परत भरणं) हा ऑप्शन चालू असतो. तुम्ही इंडेंट दुप्पट केलंत, म्हणजे तीन पातळ्या आत असलेली कमेंट सहा कॉलम उजवीकडे सरकली, ७६ कॉलमचा तक्ता ८२ वर गेला, आणि मर्यादेबाहेर लोंबणारा शेवटचा शब्द त्याने उचलून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लावला. मग ती पुढची ओळ लांब झाली, तिचं शेपूट तिसरीत गेलं. जागा कमी म्हणून इथे लहान करून दाखवते, आधी असं होतं :

/*
 * बाइट      ०         १         २-३
 * अर्थ      लांबी      प्रकार     चेकसम
 * एकक      बाइट      कोड       बिट
 */

आणि नंतर असं झालं :

/*
 * बाइट      ०         १
 * २-३ अर्थ      लांबी      प्रकार
 * चेकसम एकक      बाइट      कोड
 * बिट
 */

एकही शब्द हरवलेला नाही, तरी अर्थ गेला, कारण इथे अर्थ शब्दांत नव्हता, मधल्या रिकाम्या जागेत होता.

दुरुस्तीचा रस्ता असा. फॉरमॅटिंगचा कमिट मागे घ्या. कॉन्फिग फाइलमध्ये रीफ्लो-कमेंट्स फॉल्स करा. लिनक्स कर्नलच्या सोर्ससोबत जी क्लँग-फॉरमॅटची फाइल येते तिच्यातही तो फॉल्सच ठेवलाय, म्हणजे हा काही वेगळा हट्ट नाही. मग परत चालवा. पण फॉल्स केल्यावर एक नवीन त्रास दिसेल, आधीच सांगून ठेवते : स्लॅश-स्टारने सुरू होणारी कमेंट अनेक ओळींची असेल तर पहिली ओळ कोडबरोबर सरकते आणि खालचे स्टार जुन्या जागीच राहतात. // वाल्या कमेंट्सना हा त्रास होत नाही कारण तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र असते. तुमच्याकडे क्लँग-फॉरमॅटची २० किंवा नंतरची आवृत्ती असेल तर याच ऑप्शनला फॉल्सऐवजी इंडेंट-ओन्ली देता येतं, त्यात कमेंट आहे तशी आख्खी सरकते, आतल्या मजकुराला हात लागत नाही. आवृत्ती जुनी असेल तर विम एडिटरमध्ये फक्त तेवढ्या कमेंटच्या ओळी सिलेक्ट करून बरोबरचं चिन्ह (=) दाबा, सी-इंडेंट चालू असेल तर स्टारखाली स्टार येतो आणि स्टारनंतरच्या स्पेस तशाच राहतात.

त्यानंतर ८० पेक्षा लांब ओळी ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) शोधा आणि एकेक डोळ्यांनी बघा. नुसता गद्य मजकूर असेल तर विमचं जी-क्यू किंवा ईमॅक्सचं मेटा-क्यू मारून ओळी नीट तोडून घ्या, तिथे काही बिघडत नाही. तक्ता, आकृती, फॉर्म्युला असेल तर त्याच्या आधी क्लँग-फॉरमॅट ऑफ आणि नंतर ऑन अशा कमेंट्स टाका म्हणजे पुढच्या वेळी कुणी चालवलं तरी तो भाग वाचेल. सगळीकडे ऑफ-ऑन टाकत सुटू नका मात्र, जिथे रिकाम्या जागेला अर्थ आहे तिथेच.

कोणी जुनं जीएनयू इंडेंट (हाही एक फॉरमॅटर) वापरत असेल तर तिथे नियम वेगळे आहेत. डिफॉल्टला ते कमेंटच्या आतला मजकूर बदलत नाही, पण -fca हा ऑप्शन दिलात तर लहान ओळीसुद्धा एकत्र करून परिच्छेद भरतं, म्हणजे तक्ता ८० च्या आत असला तरी सुटेलच असं नाही. पण त्यात एक चांगली सोय आहे : स्लॅश-स्टारला लगेच चिकटून अजून एक स्टार किंवा डॅश असेल तर ती चौकटीतली कमेंट समजून ते हात लावत नाही. मूळचा इंडेंट प्रोग्राम १९७६ चा, इलिनॉय विद्यापीठातला, पुढे १९८३ च्या ४.२ बीएसडीमधून सगळीकडे पसरला. बीएसडीच्या जुन्या फाइल्सच्या वर कॉपीराइटची कमेंट स्लॅश-स्टार-डॅशने सुरू होते ती याच कारणाने.

मी हे इतकं जीव तोडून सांगतेय कारण एका जुन्या टीममध्ये आमचा असाच एक टायमिंगचा तक्ता गेला होता आणि आम्हाला ते सहा महिन्यांनी कळलं. तोपर्यंत ज्यांनी तो लिहिला त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं, आम्ही दोघी दोन दिवस जुन्या कमिटमधून शोधत बसलो होतो. तुम्हाला लगेच कळलंय, ही खरंच मोठी गोष्ट आहे.

अजून एक, कमेंटची साफसफाई करताना चुकून कोडला धक्का लागला नाही ना हे बघायचं असेल तर आधीच्या आणि नंतरच्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपायलरने बनवलेल्या) जुळवून बघा. डीबगची माहिती बंद ठेवा आणि असर्ट (कोडमधल्या तपासण्या) पण बंद ठेवा, कारण असर्टमध्ये ओळीचा नंबर जातो आणि कमेंटची एक ओळ वाढली तरी तो बदलतो. फाइल्स तंतोतंत सारख्या आल्या की निर्धास्त कमिट करा.

प्रश्न : विममध्ये पायथॉन लिहिताना # टाइप केलं की कर्सर उडी मारून ओळीच्या अगदी सुरुवातीला जातो, फंक्शनच्या आत कमेंट लिहिताच येत नाही. आणि ब्लॉक सिलेक्ट करून उजवीकडे ढकलला तर कमेंट्स सोडून बाकीचंच सरकतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या कॉन्फिगमध्ये स्मार्टइंडेंट चालू आहे, नव्व्याण्णव टक्के तेच. तो ऑप्शन सी साठी बनलाय. सी मध्ये # म्हणजे इनक्लूड, डिफाइन वगैरे, आणि त्या ओळी पहिल्या कॉलममध्ये ठेवायची पद्धत, म्हणून तो # दिसला की इंडेंट काढून टाकतो, आणि उजवीकडे ढकलताना # च्या ओळी जागच्या जागी ठेवतो. पायथॉनमधलं # कमेंटचं आहे हे त्याला माहीतच नाही. ती ओळ काढून टाका आणि फाइलटाइप प्लगिन इंडेंट चालू करा, झालं.

आधीच डावीकडे गेलेल्या कमेंट्स ब्लॅक या पायथॉनच्या फॉरमॅटरने बऱ्याचशा जागेवर येतील, कारण ब्लॉकच्या मधल्या कमेंटला तो खालच्या ओळीच्या पातळीवर आणतो. पण फंक्शनच्या शेवटी असलेली कमेंट त्या फंक्शनची की बाहेरची हे त्याला फक्त तिच्या कॉलमवरूनच ठरवता येतं, आणि तुमच्या विमने नेमका तो कॉलमच शून्य करून ठेवलाय, म्हणून ती बाहेरची समजली जाईल. तेवढ्या हाताने आत घ्या, आणि ब्लॅक चालवायच्या आधी घ्या.

प्रश्न : आमच्या गो भाषेच्या कोडमध्ये कोणी // नंतर स्पेस देतं कोणी देत नाही, म्हणून मी सेड या शोधा-बदला कमांडने सगळीकडे // नंतर एक स्पेस टाकली. दिसायला एकदम स्वच्छ. पण आता काही ठिकाणी बिल्ड फेल होतंय आणि जिथे बिल्ड पूर्ण होतंय तिथे काही एपीआय कॉल चालत नाहीयेत. फक्त कमेंटमध्ये बदल केलाय, कोडला हात लावलेला नाही! – एक वाचक, बेळगाव

उत्तर : हात लागलाय हो, दोन जागी.

पहिलं म्हणजे यूआरएल. स्ट्रिंगमध्ये एचटीटीपीएस नंतर : आणि // येतं, तुमच्या सेडने तिथेही स्पेस टाकली, म्हणून पत्ते मोडले. सेडला स्ट्रिंग आणि कमेंट यातला फरक कळत नाही, त्याला नुसत्या ओळी दिसतात. कोडमधल्या // वर सरसकट शोधा-बदला कधीच चालवू नका, कुठल्याही भाषेत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. गो मध्ये काही कमेंट्स या कमेंट्स नसतातच, त्या टूलला दिलेल्या सूचना असतात, // ला चिकटून गो, मग : आणि पुढे एम्बेड, बिल्ड, जनरेट वगैरे. त्यांची ओळखच ही की // नंतर स्पेस नाही. स्पेस टाकली की ती साधी कमेंट होते आणि कुणीही तक्रार करत नाही. एम्बेडची गेली की फाइल आत येत नाही, व्हेरिएबल रिकामं राहतं. बिल्डची गेली की विंडोजसाठी लिहिलेली फाइल लिनक्सवरही कंपाइल व्हायला लागते आणि एकच फंक्शन दोनदा आलं म्हणून एरर येतो, तुमचा बिल्ड बहुतेक इथेच अडकलाय. गोंधळ होणं साहजिक आहे कारण बिल्डची जुनी पद्धत, अधिकचं चिन्ह लावून लिहायची, तिच्यात स्पेस चालायची. नवीन बिनस्पेसची पद्धत गो १.१७ पासून आली, २०२१ मध्ये.

तो कमिट रिव्हर्ट करा आणि हे काम गो-एफएमटी या गो च्या फॉरमॅटरवर सोडा. १.१९ पासून तो डॉक्युमेंटेशनच्या कमेंट्स स्वतः नीट करतो आणि या सूचना ओळखून त्यांना कमेंटच्या शेवटी वेगळ्या ठेवतो. साध्या कमेंट्समधली राहिलेली स्पेस रोज ज्या फाइलला हात लागेल तिच्यात देत जा, कुणाचं काही अडत नाही.

आणि हे फक्त गो पुरतं नाही. पायथॉनमध्ये तपासणीच्या टूलला गप्प करणाऱ्या नोक्यूए आणि टाइप-इग्नोर, जावास्क्रिप्टमध्ये ईएसलिंट बंद करणाऱ्या ओळी, सी मध्ये स्विचच्या केसखाली लिहिलेलं फॉलथ्रू (जीसीसी कंपायलर ७ व्या आवृत्तीपासून ती कमेंट वाचूनच वॉर्निंग द्यायची की नाही ते ठरवतो), पायथॉन फाइलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीतलं एन्कोडिंग, शेल स्क्रिप्टची पहिली ओळ, या सगळ्या माणसासाठी नाही तर मशीनसाठी लिहिलेल्या आहेत. या एका जागेवरून हलल्या, दुसऱ्या ओळीला जोडल्या गेल्या की निकामी होतात. साफसफाईला बसायच्या आधी आपल्या रेपोत अशा कोणकोणत्या आहेत त्याची यादी करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : ताई, मी लातूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये प्रत्येक व्हेरिएबलपुढे कमेंट लिहिलीय आणि सगळ्या एका रेषेत लावल्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर नीट दिसतात पण मॅडमच्या कॉम्प्युटरवर वाकड्यातिकड्या दिसतात. ऑटो-इंडेंट करून पण नीट होईना. मॅडम म्हणाल्या फॉरमॅटिंग नीट करून आण. – एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तू रेषेत लावताना टॅब दाबलेत, आणि टॅब म्हणजे ठरावीक स्पेस नसतात, टॅब म्हणजे पुढच्या खुणेपर्यंत जा. तुझ्याकडे खूण दर ४ कॉलमला आहे, मॅडमकडे ८ ला. व्हेरिएबलचं नाव सहा अक्षरांचं असलं की तुझ्याकडे कमेंट आठव्या कॉलमला येते, त्यांच्याकडेही आठव्याला, पण नाव तीन अक्षरांचं असलं की तुझ्याकडे एक टॅब चौथ्या कॉलमला नेतो म्हणून तू दोन दाबले असशील, ते दोन मॅडमकडे सोळाव्या कॉलमला नेतात. ऑटो-इंडेंट फक्त ओळीच्या सुरुवातीची जागा बघतं, कोडनंतर मध्ये पडलेल्या टॅबला ते हात लावत नाही, म्हणून तुला फरक दिसला नाही.

उपाय सोपा आहे. एक्स्पांड नावाची कमांड असते, तिला टॅबची रुंदी ४ सांग आणि फाइल दे, ती सगळे टॅब स्पेसमध्ये बदलून देईल. ४ च सांग, कारण तू लावलंस तेव्हा तुझा एडिटर ४ वर होता. फाइल कुठल्या रुंदीला लिहिलीय हेच महत्त्वाचं, कुठे बघणार ते नाही. आणि हे ऑटो-इंडेंटच्या आधी कर, नंतर केलंस तर ओळ आधीच सरकलेली असेल आणि हिशोब चुकेल.

दोन ठिकाणी जप. प्रोजेक्टमध्ये मेकफाइल असेल तर तिच्यावर एक्स्पांड चालवू नकोस, तिथे टॅबच लागतो, स्पेस झाली की मेक चालणार नाही. आणि कुठल्या स्ट्रिंगमध्ये तू खरा टॅब दाबून ठेवला असशील तर तोही बदलेल, तिथे बॅकस्लॅश-टी लिही, ते कायमचंच बरं.

खरं सांगू का, प्रत्येक व्हेरिएबलपुढे कमेंट लागत नाही. नाव नीट ठेवलंस तर निम्म्या कमेंट्स आपोआप जातील, मग रेषेत लावायला फारसं उरणारच नाही. ज्या उरतील त्या कोडच्या वरच्या ओळीवर लिही, तिथे नाव लांब-आखूड झाल्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न : फॉरमॅटिंगच्या एका कमिटमुळे गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) आता प्रत्येक ओळीवर माझंच नाव येतंय. बारा वर्षांपूर्वीच्या कमेंटबद्दल लोक मला विचारतात. – एक वाचक, टोरांटो

उत्तर : गिट २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, यावर सोय आहे. रेपोत एक फाइल ठेवायची, तिच्यात त्या फॉरमॅटिंग कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (त्याचा ओळख-क्रमांक) लिहायचा, आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये ब्लेमच्या इग्नोर-रेव्हज-फाइल या सेटिंगला तिचं नाव द्यायचं. ब्लेम मग तो कमिट ओलांडून मागचा माणूस दाखवतो. फाइलचं नाव प्रचलित आहे तेच ठेवा, डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज, म्हणजे गिटहबच्या ब्लेम पानावरही ते लागू होतं. लोकलला मात्र प्रत्येकाला सेटिंग स्वतः करावं लागतं, आणि ते ग्लोबल केलंत तर ज्या रेपोत ती फाइल नाही तिथे ब्लेम एरर देऊन थांबतो, म्हणून रेपोपुरतंच करा.

एका गोष्टीत बरेच जण अडकतात : तुम्ही स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात गुंडाळून) मर्ज करत असाल तर ब्रँचवरचा हॅश मुख्य ब्रँचवर नसतोच, नवीन तयार होतो. आधी मर्ज करा, मग तयार झालेला हॅश घेऊन ती फाइल दुसऱ्या कमिटमध्ये टाका.

आणि हे सगळं तेव्हाच नीट चालतं जेव्हा त्या कमिटमध्ये फक्त मशीनचं काम असतं. कमेंट्स हाताने लावलेला कमिट यादीत घालू नका. तिथे तुम्ही विचार केलाय, एखादं वाक्य बदललंय, ते तुमच्याच नावावर राहायला हवं. रीफ्लोने ओळी तुटून एकाच्या तीन झाल्या असतील तर गिटला जुनी जोडी शोधताना अंदाज करावा लागतो. मार्क-इग्नोर्ड-लाइन्स आणि मार्क-अनब्लेमेबल-लाइन्स ही दोन सेटिंग्ज चालू करा, मग अंदाजाच्या ओळींवर प्रश्नचिन्ह आणि जिथे जोडीच सापडली नाही तिथे स्टार दिसतो.

प्रश्न : साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पुढच्या माणसाला कळावं म्हणून कमेंट्स मुद्दाम मराठीत लिहितो, चारी बाजूंनी स्टारची चौकट करून. उजवीकडची बाजू काही केल्या सरळ येत नाही, एका एडिटरमध्ये जुळवली की दुसऱ्यात बिघडते. इंग्रजीत लिहू का? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : अजिबात नाही, मराठीतच लिहा. पहाटे तीन वाजता काटा बंद पडल्यावर जो माणूस फाइल उघडणार आहे त्याला जी भाषा पटकन कळते तीच त्या कमेंटची भाषा.

चौकट मात्र सोडा. ‘वजनकाटा’ हा शब्दच घ्या. वाचायला पाच अक्षरं, युनिकोडमध्ये सात कोड पॉइंट (वेगवेगळी मोजली जाणारी चिन्हं) कारण दोन काने वेगळे मोजले जातात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन म्हणून एकवीस बाइट. कुठलं टूल पाच मोजतं, कुठलं सात, जुनी काही टूल्स तर एकवीस. त्यात पडद्यावर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, ‘क्ष’ आणि ‘र’ एकाच मापाचे कसे असतील. त्यामुळे उजवी कड सगळीकडे सरळ येणं शक्यच नाही, तुमच्या मेहनतीत काही कमी नाहीये.

उजवीकडचे सगळे स्टार काढून टाका, डावीकडचा एक स्टार आणि एक स्पेस ठेवा, तेवढी कड कुठल्याही एडिटरमध्ये सरळ राहते कारण तिच्या आधी देवनागरी काही नसतं. तक्ता असेल तर कॉलम करू नका, एका ओळीत एकच गोष्ट, नाव मग : मग माहिती. फॉरमॅटरची ८० ची मर्यादा मराठी ओळीला लवकर लागू शकते म्हणून ओळी स्वतःच आखूड ठेवा, वाक्य संपलं की नवीन ओळ. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होतेय ना ते एकदा काट्यावरच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष उघडून बघा, तिथे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर आधी ते सोडवावं लागेल, मला परत लिहा, आवृत्ती आणि एडिटरचं नाव कळवा.